दीपगृहाखालचं होकायंत्र

होकायंत्राचं लाल टोक भांडी घासायच्या सिंककडे वळून स्थिर झालं, आणि मी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. सिंकच्या वर खिडकी आहे. खिडकीतून दुपारी साडेबाराचं ऊन सरळ माझ्या टेबलावर उतरतं, आणि ऑक्टोबरात, मिलवॉकीत, दुपारी साडेबाराला ऊन ज्या बाजूनं येतं ती बाजू उत्तर असू शकत नाही. हे कळायला शिकारी असावं लागत नाही, मांजर असलं तरी पुरतं. आमची मांजर, ती होती तोवर, सोळा वर्षं त्याच उन्हात पसरलेली असायची. मी होकायंत्र टेबलावर फिरवलं. आतली सुई डळमळली, जरा इकडे गेली, जरा तिकडे गेली, आणि पुन्हा लाल टोक घेऊन सिंककडे येऊन उभी राहिली. तिला घाई नव्हती आणि शंकाही नव्हती. शंका सगळी माझ्याकडे होती. मनात पहिला विचार आला तो असा, की झालं, आता घरातसुद्धा सुरू झालं.

काय सुरू झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये पोर्चवर मक्याची कणसं सोलता सोलता मी डेल्फीनला, म्हणजे माझ्या बायकोला, जाहीर केलं होतं की यंदापासून हरणाची शिकार बंद. "गुडघा," मी म्हणालो. ती सोलत राहिली. "बरं," म्हणाली. जो माणूस चाळीस वर्षं थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शुक्रवारी नारिंगी जाकीट चढवून उत्तरेच्या जंगलात जातो आणि नऊ दिवस अंघोळीचं नाव काढत नाही, त्याच्या बायकोनं नुसतं 'बरं' म्हणावं याचं मला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. मग आमची मुलगी कॉरीन फोनवर म्हणाली की बंदुका माझ्याकडे ठेवते, डॅड, मला जागा आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी गाडी घेऊन येते. सगळं कसं गोडीगुलाबीनं ठरलं. तो रविवार आता पाच दिवसांवर आला होता. माझे गुडघे उत्तम आहेत. तळघराच्या चौदा पायऱ्या मी आज सकाळपासून सात वेळा चढलो-उतरलो, तिजोरी रिकामी करायची म्हणून, आणि सातव्या खेपेला होकायंत्र घेऊन वर आलो, कॉफी ओतून घेतली, आणि हे असं.

तिजोरी वॉशिंग मशीनच्या शेजारी उभी आहे. माणसापेक्षा वीतभर उंच, गर्द हिरवी, पुढं गोल चाकासारखी मूठ. कॉरीनला पहिली मुलगी झाली त्या वर्षी घेतली, कारण तोवर बंदुका कपाटात कोटांच्या मागं असायच्या आणि आता घरात रांगणारं येणार होतं. बाहेरून ती बँकेसारखी गंभीर दिसते. आतून मात्र ती डेल्फीनची आहे. चार वर्षांपूर्वी मी गिअर बनवायच्या कारखान्यातून निवृत्त झालो, त्याच महिन्यात आमचा फ्रीज बिघडला आणि नवा आला. नवा चकचकीत होता आणि त्याच्या दाराला चुंबक चिकटतच नव्हतं. डेल्फीनची बहीण जाईल त्या गावाहून एकेक शोभेचं चुंबक आणते. लॉब्स्टर, गाय, चीजचा तुकडा, अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा जाड्या, काळ्या झग्यातली नन, पाच पेंग्विन, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह. तीस वर्षांचा तो सगळा गोतावळा एका दिवसात बेघर झाला. डेल्फीन ते टोपलीत घेऊन घरभर फिरली आणि शेवटी तळघरात माझ्या तिजोरीसमोर येऊन थांबली. मी म्हटलं, "बाहेरून लाव हवं तर." ती म्हणाली, "बाहेरून कोण बघतंय? आत बघ काय उकिरडा आहे." आणि उकिरडा होता, हे खोटं नाही. साफसफाईच्या सळ्या, ब्रश, कुलपांच्या किल्ल्या, कानांवर घालायची झाकणं, परवाने, सगळं तळाशी एका बुटाच्या खोक्यात. पण आतल्या पोलादावर जाड कापडी अस्तर आहे, त्यामुळे ती दुबळी चुंबकं घसरून पडायची. तेव्हा मीच, मोठ्या तोऱ्यात, माझा डबा काढला. कारखान्यानं निरोपाला मला घड्याळ दिलं होतं आणि मी स्वतःला भंगारातली मूठभर चुंबकं दिली होती. दिसायला कोटाच्या बटणाएवढी, पण दोघांच्या मध्ये बोट सापडलं तर नख काळं करतील अशी. लॉब्स्टरच्या पाठीला एक, गायीच्या पोटाला एक, दीपगृहाच्या बुडाला दोन, असं मी स्वतः डिंक लावून बसवलं.

मग तिनं संसार मांडला. लॉब्स्टर छर्‍याच्या बंदुकीला, गायीपाशी किल्ल्या, चीजच्या तुकड्याखाली शिकारीचा परवाना, पेंग्विनांच्या पायाशी उंचीप्रमाणे ब्रश, अ‍ॅकॉर्डियनवाल्याच्या गळ्यात कानाची झाकणं, का तर म्हणे त्याचं वाजवणं ऐकवत नाही. माझ्या वडिलांच्या जुन्या बंदुकीच्या नळीवर तिनं ननला बसवलं. चाप ओढण्याआधी माणसानं जरा विचार करावा म्हणून. आणि होकायंत्राची दोरी दीपगृहाला अडकवली. "वाट दाखवणारं वाट दाखवणाऱ्यापाशी," ती म्हणाली आणि दोन पावलं मागं सरून स्वतःवर खूश होऊन बघत राहिली. तिचा भाऊ वॉली, ज्याच्यासोबत मी शिकारीला जातो आणि ज्याची जीभ कधीच टाळ्याला लागत नाही, तिजोरी उघडल्यावर एक मिनिट गप्प राहिला. त्याच्या हिशेबी तो विक्रमच. मग म्हणाला, "नॉर्बर्ट, ही बंदुकांची तिजोरी आहे का बालवाडी? दूध किती वाजता देतात?" मी ओशाळलो. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला आयुष्यात पहिल्यांदा हवा तो ब्रश पहिल्या खेपेला सापडला, आणि नंतर नंतर काही काम नसतानाही मी खाली जाऊन दार उघडायचो आणि त्या जाड्याकडे, त्या गायीकडे बघत उभा राहायचो. आज सकाळी ते सगळं मी एकेक करून काढून परत टोपलीत ठेवलं होतं.

कारण गेल्या नोव्हेंबरात मी हरवलो होतो. हंगामाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, ओलं बर्फ पडून गेल्यावर धुकं उतरलं आणि मचाणावरून स्वतःच्या बुटांपलीकडे काही दिसेना. आमची शिकारीची झोपडी रस्त्याला लागून आहे आणि रस्ता उत्तरेला आहे. चाळीस वर्षं उत्तरेलाच आहे, त्याला दुसरं काही काम नाही. मी खाली उतरलो. अंतर्मन म्हणालं, रस्ता पाठीमागं. मी होकायंत्र काढलं, ते म्हणालं, रस्ता पुढं. माझे वडील सांगायचे की दलदलीत डोक्याचं ऐकू नकोस, सुईचं ऐक. डोकं घाबरतं, सुई घाबरत नाही. तेव्हा मी शहाण्या मुलासारखा सुईमागं चालत राहिलो, देवदारांच्या दाटीतून, गुडघाभर पाण्यातून, पडलेल्या खोडांवरून, दर शंभर पावलांवर थांबून लाल टोक बघत, अडीच तास. बाहेर आलो तो भलत्याच रस्त्यावर, झोपडीपासून सहा मैल दक्षिणेला, एका दारूच्या गुत्त्यासमोर. आतल्या बाईनं मला बघून न विचारता ब्रँडी ओतली आणि फोन पुढं सरकवला. वॉली ट्रक घेऊन आला, हसत हसतच उतरला. "लाल टोक, नॉर्बर्ट! लाल टोक म्हणजे उत्तर! पांढरं टोक बघून चाललास, होय ना?" आमच्या झोपडीचा नियम आहे की जो हरवेल त्यानं हंगाम संपेपर्यंत गळ्यात गायीची घंटा बांधायची, जेवताना, झोपताना, परसाकडे जातानासुद्धा. मी सात दिवस बांधली. सगळ्यांत जास्त मीच हसलो. पण मी लाल टोकच पाहिलं होतं. मला ते डोळ्यांसमोर दिसत होतं, ओल्या काचेखाली, लालभडक. आणि लाल टोक पाहून जर माणूस दक्षिणेला जात असेल, तर एक तर त्यानं पांढरं पाहिलं आणि त्याला लाल पाहिल्याचं आठवतंय, किंवा त्याला आता लाल-पांढरं कळत नाही. दोन्हींचा अर्थ एकच होता आणि तो मी आमच्या घरात एकदा पाहिलेला होता.

बाबा चामड्याच्या कारखान्यात होते. पासष्टाव्या वर्षी एका रविवारी ते आठच्या प्रार्थनेहून परत येताना मिचेल स्ट्रीटवर उभं राहून, इस्त्रीच्या सुटात, टोपी हातात घेऊन, पोलिसाला विचारत होते की मिचेल स्ट्रीट कुठे आहे. तेही आधी हसले. आम्हीही हसलो. मग किल्ल्या पावाच्या डब्यात सापडू लागल्या. शेवटी शेवटी ते मला फार अदबीनं विचारायचे, "आपण लांबून आलात का?" आणि मी म्हणायचो, नाही, इथूनच, दोन गल्ल्यांवरून. गेले अकरा महिने मी माझ्यावर पाळत ठेवून होतो. पूर्वी मी विसरायचो आणि विसरलो हेही विसरून जायचो. आता प्रत्येक विसरणं लक्षात राहायला लागलं. गुत्त्यातल्या बाईचं नाव. गॅरेजचं दार लावलं की नाही. जूनमध्ये माझा चष्मा फ्रीजरमध्ये मटारांवर सापडला तेव्हा मी तो पुसून डोळ्यांवर चढवला आणि बाथरूममध्ये जाऊन पाण्याचा नळ सोडून बसलो. साठी बुद्धी नाठी असं लोक चेष्टेनं म्हणतात. मी सहासष्ट वर्षांचा आहे आणि मला ते चेष्टेत ऐकू येत नव्हतं. ज्याला उत्तर-दक्षिण कळत नाही त्याच्या हाती भरलेली बंदूक नको, एवढं मात्र मला कळत होतं, आणि ते कळतंय तोवरच तिजोरी मोकळी करावी असं मी ठरवलं.

पण सिंक हे सिंक होतं आणि ऊन हे ऊन होतं. मी स्वतःला म्हटलं, पोलादाजवळ सुई बहकते. सिंक पोलादाचं आहे. होकायंत्र तळहातावर धरून मी मागच्या अंगणात गेलो, टोमॅटोच्या वाळलेल्या वेलांमध्ये उभा राहिलो. लाल टोक गल्लीकडे. गल्ली दक्षिणेला. मी एका जागी हळूहळू गोल फिरलो. शेजारच्या ओतिलियाबाई दोरीवर चादरी घालत होत्या, त्यांनी दोन चिमटे तोंडात धरूनच विचारलं, "काय शोधताय, डॉन नॉर्बर्तो?" त्या मला मेक्सिकन रिवाजानं आदरानं डॉन म्हणतात, आणि त्या आदरापायी मी त्यांचं गवतही कापतो.

"उत्तर दिशा," मी म्हणालो.

त्यांनी चिमटे काढले. "ती तर तुमच्या पुढच्या दाराशी असते. सकाळीच पाहिली मी." आणि चादर झटकली.

मग मला जाकिटावर टोचायचं ते छोटं होकायंत्र आठवलं, काचेच्या गोट्याएवढं, मासे पकडायला जाताना लावायचं. ते कधीच तिजोरीत नव्हतं. गॅरेजमध्ये मासेमारीच्या पेटीत गळांच्या शेजारी पडून असतं. मी धावत गेलो. खरंच धावलो, त्या गुडघ्यांनी. घरात आणून दोन्ही टेबलावर हातभर अंतरानं ठेवली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. छोट्यानं पुढच्या दाराकडे तोंड केलं. मोठ्यानं सिंककडे. नवरा-बायको भांडून एकाच पलंगावर पाठी फिरवून पडतात तशी. मी जागा बदलल्या, दिवाणखान्यात नेली, जिन्यावर नेली, बाथटबच्या काठावर नेली. दोघं आपापल्या मताला चिकटून. आणि तेव्हा, बाथरूममध्ये, गुडघे टेकून बसलेलो असताना, मला दीपगृह आठवलं. दीपगृहाच्या बुडाला दोन. मी स्वतः डिंक लावलेला.

एक्केचाळीस वर्षं मी लोखंडात काढली. जोरदार चुंबकापाशी होकायंत्र ठेवलं तर सुईची टोकं उलटतात, उत्तरेची दक्षिण होते आणि तशीच राहते, हे मी कारखान्यात नव्या आलेल्या पोरांना सांगत असे, आणि तेच होकायंत्र मी चार वर्षं माझ्या तिजोरीत सगळ्यांत जबर जोडीच्या पोटाशी टांगून ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या आधीच्या हंगामांत आभाळ निरभ्र होतं, मला सुई बघायची गरजच पडली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सहा मैलांचा, दलदलीतून. मी खाली गेलो, टोपलीतून दीपगृह काढलं आणि हातात घेऊन पायरीवर बसलो. मी लाल टोकच पाहिलं होतं. मला जे आठवत होतं ते घडलेलं होतं. अकरा महिने माझा जो मेंदू मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला होता त्यानं त्या दिवशी 'रस्ता पाठीमागं' असं स्वच्छ, बरोबर सांगितलं होतं, आणि मीच त्याला गप्प बसवलं होतं. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना. मी वॉशिंग मशीनला मिठी मारली, कारण जवळ तेवढंच होतं. हा आजार नव्हता. हा मूर्खपणा होता, माझा नेहमीचा, जुना, घरचा मूर्खपणा, आणि त्याला बघून मला लहानपणीचा दोस्त दारात उभा असावा तसा आनंद झाला.

मग लगेच वाटलं, डेल्फीनला सांगायचं कसं? सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. गुडघा खोटा होता इथपासून. आणि दीपगृहाची कल्पना तिची होती. ती दोन पावलं मागं सरून कशी खूश झाली होती ते मला आठवलं. एक मन म्हणत होतं, गुडघा बरा झाला म्हण आणि सगळं परत आत लाव. पण एवढा आनंद एकट्यानं पोटात ठेवायचा म्हणजे फुटायचीच वेळ.

ती दोन वाजता आली. मंगळवारी ती चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मदत करते. हातात राय पावाची पिशवी आणि सॉसेज. टेबलावर दोन होकायंत्रं आणि मध्ये दीपगृह बघून ती थबकली.

"बस, डेल्फीन."

"कोण गेलं?" आमच्या वयात कुणी 'बस' म्हटलं की हाच प्रश्न येतो.

"कुणी नाही. मला सांग, उत्तर कुठे आहे?"

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम ओसरलं. तिनं पिशवी हळूच खाली ठेवली, माझ्याजवळ आली, माझ्या दंडावर हात ठेवला, आणि फार मऊ, फार सावकाश आवाजात म्हणाली, "उत्तर ना? त्या बाजूला, पुढच्या दाराकडे. आपण घरी आहोत, नॉर्बर्ट. आज मंगळवार आहे. मी डेल्फीन."

तो आवाज मला माहीत होता. बाबांशी मी तोच आवाज काढायचो. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. अकरा महिने आम्ही दोघं एकाच घरात एकच भीती वेगवेगळ्या कपाटांत लपवून फिरत होतो. माझे डोळे भरले आणि मी घाईघाईनं, उलटंसुलटं, सगळं ओकून टाकलं. धुकं, लाल टोक, घंटा, बाबा, चष्मा, गुडघा, चुंबक. तिला दोन्ही सुया दाखवल्या. तिनं स्वतः दोन्ही फिरवून पाहिल्या, चार-चार वेळा. मग दीपगृह उचलून उलटं केलं.

"म्हणजे मी केलं हे."

"दीपगृह तुझं. चुंबक माझं. डिंकही माझा."

"एक मिनिट," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "एक्केचाळीस वर्षं कारखान्यात घालवलीस. चुंबकापाशी होकायंत्र ठेवू नये हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"आणि तरी ठेवलंस?"

"ठेवलं."

"म्हणजे तू नुसता मूर्ख आहेस?"

"नुसता."

"अरे देवा," ती म्हणाली आणि खुर्चीत कोसळली. "देवा, माझ्या देवा, नुसता मूर्ख!" आणि ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला, आणि माझा हात पकडून टेबलावर आपटत राहिली. "मी तेवढ्यासाठी नऊ वेळा मेणबत्ती लावली रे. तू गुडघा म्हणालास त्या दिवशी तर मोठी लावली. कॉरीनला फोन मीच केला होता, मार्चमध्ये. बंदुका कशा काढायच्या तुझ्याकडून, तुला न दुखवता, यावर आम्ही चार महिने खल केला. आणि तूच आपणहून बोललास तेव्हा मला वाटलं, बघ, किती शहाणा आहे अजून."

"आणि चष्मा? फ्रीजरमधला?"

तिनं नाक पुसलं. "तो तुझा चष्मा होता? मटारांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघायला मी कुणाचा तरी घातला होता."

कॉरीनला तिथंच फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "डॅड, तरी एकदा डॉक्टरला दाखव," ती म्हणाली. मी म्हटलं दाखवीन, आणि खरंच दाखवणार आहे. "आणि रविवारी?" "रविवारी ये. सॉसेज आहे. जाताना गाडी रिकामी जाईल." तिकडून मला तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं, आईवर गेली आहे.

फोन ठेवल्यावर डेल्फीन माझ्याकडे न बघता पाव कापत बसली. नको इतक्या चकत्या कापल्या. "अजून एक आहे," ती म्हणाली. "रागावू नकोस. क्रिबेज."

क्रिबेज हा आमचा पत्त्यांचा खेळ, रोज जेवण झाल्यावर एक डाव. पत्त्यांची बेरीज पंधरा झाली की दोन गुण, जोडीला दोन, ओळीनं लागले तर जितके पत्ते तितके. आणि गुण मोजायचे ते लाकडी फळीवरच्या भोकांतून खुंट्या पुढं सरकवून. लग्नापासून ती मला हरवत आलेली.

"काय क्रिबेज?"

"नाताळपासून मी तुला जिंकू देतेय."

मला हे लागलं. हसू नका, बाकी सगळ्यापेक्षा हे लागलं. त्या विजयांवर मी वर्ष काढलं होतं. ज्या दिवशी नाव आठवलं नाही, ज्या दिवशी गॅरेजचं दार उघडं सापडलं, त्या प्रत्येक दिवशी मी मनाशी म्हणायचो, पण डाव जिंकलास ना, ज्याचं डोकं जातंय तो असे डाव जिंकतो होय? माझ्याविरुद्धचा पुरावा खोटा निघाला होता, आणि आता माझ्या बाजूचाही खोटा निघाला.

"एकही खरा नाही?"

"ईस्टरचा एक. त्या दिवशी पत्तेच घाण आले होते मला."

"काढ फळी," मी म्हणालो.

"आत्ता? सॉसेज—"

"काढ."

तिनं बाह्या सरसावल्या. मी विसरून गेलो होतो ही बाई कशी खेळते ते. पत्ता पडायच्या आत हिशेब झालेला, खुंटी टकटक पुढं गेलेली, आणि वर, "बोल लवकर, मला भांडी घासायचीत." पहिल्या तीन वाटपांत माझे पत्ते आले तसे वाहून गेले. माझी खुंटी तिच्या मागं एकोणतीस भोकं राहिली, आणि ती मान तिरकी करून फळीकडे बघत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दया नावाला नव्हती. मी ते बघत बसलो. किती दिवसांनी माझ्या बायकोनं माझ्याशी दावा मांडला होता.

चौथ्या वाटपाला तिनं पत्ते उघडे केले. सात, आठ, आठ, नऊ. आणि गड्डीवर उलटलेला सहा, जो दोघांच्याही पत्त्यांत धरतात. ती झरझर मोजत गेली. "चार-चारच्या दोन ओळी, आठ. जोडी, दहा. सात-आठ पंधरा, दोनदा, चौदा." आणि खुंटी चौदा भोकं पुढं नेऊन हात काढला.

"सहा आणि नऊ," मी म्हणालो.

"काय सहा आणि नऊ?"

"पंधरा. सोळा होतात. तू दोन सोडलेस." आमच्या खेळात असा एक दुष्ट नियम आहे की समोरच्यानं स्वतःचे गुण मोजायचे सोडले तर ते आपण उचलायचे, आणि उचलताना एक शब्द म्हणायचा. अख्ख्या वर्षात तो शब्द आमच्या टेबलावर कुणी उच्चारला नव्हता. "मगिन्स," मी म्हणालो आणि माझी खुंटी दोन भोकं पुढं केली.

ती पत्त्यांकडे बघत राहिली. सहा. नऊ. मग तिच्या गळ्यापासून वर लाली चढली, कानांपर्यंत गेली, आणि तिनं सगळा तळहात टेबलावर आपटला. "गॅपिन्स्की, चोरा! भामट्या! आंधळी होते का मी!" मला ती आडनावानं हाक मारते ती फक्त खरोखर संतापली की, एकोणचाळीस वर्षांत पाच-सहा वेळा असेल. हे मुद्दाम सोडलेलं नव्हतं. असा राग कुणाला खोटा आणता येत नाही, तिला तर नाहीच. तिनं सगळे पत्ते आपल्याकडे ओढले आणि दात ओठ खाऊन पिसायला लागली. मी एक्केचाळीस भोकं मागं होतो.